शेगडीपासून दोन फूट

माझं काम घरोघरी जाऊन इंडक्शन शेगड्या दुरुस्त करण्याचं होतं आणि त्यातल्या बऱ्याचशा शेगड्या बिघडलेल्याच नसायच्या. चुकलेलं असायचं ते भांडं. हे लोकांना पटवता पटवता माझी नोकरीतली शेवटची वर्षं गेली. त्याआधी मी मिक्सर, गीझर, इस्त्र्या दुरुस्त करत होतो. मिक्सर बंद पडला की तो बंदच पडलेला असतो, त्यात वादाला जागा नसते. इंडक्शनचं तसं नाही. ‘चालत नाही’ म्हणून तक्रार यायची, मी उमेळ्याहून स्कूटर काढून विरारपर्यंत जायचो, पिशवीतलं माझं पातेलं शेगडीवर ठेवायचो आणि ती मुकाट्याने चालू व्हायची. घरातली माणसं माझ्याकडे संशयाने बघायची.

ज्यांनी ही शेगडी वापरलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तिच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज खेळली की वर चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि लोखंडाच्या जातीचा तळ असलेलं भांडं आपलं आपणच तापतं. आच कुठेच नसते. काच गरम होते तीसुद्धा भांड्यामुळे. म्हणून ॲल्युमिनियमचा टोप, तांब्याचं पातेलं किंवा मातीचं मडकं ठेवलं तर शेगडी टीं-टीं करून थांबते. स्टीलच्या भांड्यांतही काही चालतात, काही चालत नाहीत, आणि बघून ते कळत नाही. तळाला लोहचुंबक घट्ट चिकटला तर चालण्याची आशा धरायची.

आशाच म्हणतो, कारण चुंबक चिकटूनही न चालणारी भांडी मी पाहिली आहेत. तळ वाटीएवढा लहान असेल तर शेगडीला भांडं आहे हेच कळत नाही. तळ बाहेर फुगलेला असेल तर भांडं डुलतं आणि फक्त मधोमध तापतं. आमच्याच गावातल्या एका काकांनी काचेला चरे पडू नयेत म्हणून भांड्याखाली वर्तमानपत्र घालून महिनाभर चहा केला आणि मग कागद करपतो अशी तक्रार नोंदवली. मी तो कागद काढून त्यांच्या हातात दिला. चहा मात्र त्यांनी चांगला पाजला.

पण माझं नाव झालं ते नालासोपाऱ्याच्या सरितामुळे. सरिता एका खोलीत राहून कारखान्यातल्या मुलांना जेवणाचे डबे द्यायची. भाड्याची खोली, कागदपत्रं अपुरी, त्यामुळे गॅसची जोडणी मिळेना, म्हणून सगळा स्वयंपाक इंडक्शनवर. तिची तक्रार अशी, “भैया, ये चूल्हा खाना कम पकाता है, बिजली ज्यादा खाता है. आणि मधेच बंद पडतो.”

मी गेलो तर शेगडीवर लोखंडी तवा आणि तव्यावर ॲल्युमिनियमचा भलामोठा टोप. कोणीतरी तिला ही युक्ती शिकवली होती. युक्ती चालते, नाही असं नाही. पण तवा तापणार, मग तव्याने टोप तापवायचा, आणि दोघांच्या मधल्या फटीतून निम्मी ऊब खोलीत. खाली काच एवढी तापते की शेगडी स्वतःला वाचवायला बंद होते. मी तिला तसं सांगितलं, तिला पटलं नाही. मग आम्ही दोघं जिन्याखालच्या मीटरपाशी गेलो. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, वीज जास्त वापरली की तो भराभर लुकलुकतो. तिच्या मुलीला वर शेगडीपाशी उभं केलं. आधी तवा आणि टोप, टोपात मोजून घेतलेलं पाणी, आणि ते उकळेपर्यंत सरिता दिव्याची लुकलुक मोजत बसली. मग माझं जाड बुडाचं पातेलं, तेवढंच पाणी, वर झाकण. दुसऱ्या खेपेला मुलगी वरून ओरडली, “मम्मी, उबल गया!” तेव्हा सरिता अजून मोजायच्या तयारीतच होती. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “इतके दिन मी तव्याला जेवण घातलं.”

तेव्हापासून मला वाटायला लागलं की मला या विषयातलं सगळं कळतं. दुकानदार गिऱ्हाईकांना माझा नंबर द्यायचे. ‘राऊतभाऊंना भांडी दाखवा’ असं म्हणायचे. माणसाला असं काही चिकटलं की तो प्रश्न विचारायचा थांबतो. माझं तसंच झालं.

निवृत्त व्हायला थोडेच महिने राहिले असताना नंदाखालहून मार्थाबाईंचा फोन आला. मार्था डिमेलो या प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. माझी भाची त्यांच्या हाताखाली शिकली, म्हणून मीही त्यांना बाईच म्हणायचो. त्या आणि त्यांची धाकटी बहीण सिसिल, दोघीच वडिलांच्या घरात राहायच्या. लग्न दोघींनी केलं नाही. मार्थाबाईंनी शाळा आणि स्वयंपाकघर सांभाळलं, सिसिलबायनी नारळ-केळीची वाडी. सिसिलबायला कधी चहासुद्धा करावा लागला नव्हता, आणि मार्थाबाईंना केळीच्या कोणत्या लोंगराला, म्हणजे घडाला, आधी हात लावायचा हे ठाऊक नव्हतं.

इंडक्शन घरात आली त्याचं कारण वेगळं होतं. बाई विसरायला लागल्या होत्या. दोनदा दूध उतू जाऊन गॅसची ज्योत विझली आणि बटण तसंच चालू राहिलं. वसईला राहणाऱ्या त्यांच्या नेल्सन नावाच्या भाच्याने आधी गॅसला लावायचा टायमर आणला. बाई तो लावायच्याच विसरल्या. मग त्याने इंडक्शन आणली. ठरलेल्या वेळी ती आपोआप बंद होते, भांडं उचललं तरी बंद होते, आणि तिच्यातून काही गळत नाही. विचार अगदी बरोबर होता.

“राऊत, ही शेगडी गुणगुणते,” बाई फोनवर म्हणाल्या होत्या. “आणि माझ्या एकाही भांड्याला ओळखत नाही. एका पातेल्याला तेवढी ओळखते.”

मी गेलो. ओट्यावर भांड्यांची रांग मांडून ठेवली होती, तपासणीला वह्या ठेवाव्यात तशी. ॲल्युमिनियमचे टोप, तांब्याच्या बुडाची दोन पातेली, कालवणाचं मातीचं भांडं. चालत होतं ते एकच, चहाचं छोटं स्टीलचं पातेलं. तेही बाई शेगडीच्या गोलाच्या कडेला ठेवत होत्या, कारण पुढच्या बाजूला ठेवलं की त्यांना आत नीट दिसायचं.

“बाई, मधोमध ठेवा,” मी म्हणालो. “तळ गोलाएवढा हवा. हे फार लहान आहे, म्हणून ती कुरकुरतेय. शिवाय तुम्ही इतकं वाकून बघू नका, वाफ तोंडावर येईल.”

“वाकल्याशिवाय तो आवाज ऐकू येत नाही. मला वाटलं माझ्या आतूनच येतोय.”

“आतून म्हणजे?”

“अहो, उन्हाळ्यात मला पेसमेकर बसवला ना. इथे.” त्यांनी डाव्या खांद्याखाली बोट ठेवलं. “हृदय मधेच दांडी मारत होतं, त्याला हजेरी लावायला यंत्र बसवलंय.”

मी भिंतीवरचं बटण बंद केलं.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

काय झालं ते मलाही नीट माहीत नव्हतं. चुंबक आणि हृदयातलं यंत्र यांचं जमत नाही एवढं कुठेतरी ऐकलेलं. मी शेगडीच्या खोक्यातली पुस्तिका काढली. बारीक अक्षरात, शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ होती. हृदयात असं यंत्र असलेल्या व्यक्तीने डॉक्टरांना विचारूनच वापर करावा. ही पुस्तिका मी किती घरांत किती हातांत दिली असेल, हिशेब नाही. मी ती कधी उघडून वाचली नव्हती. किती घरांत मी चुंबक लावून भांडी पारखली आणि समोरच्या माणसाला मात्र एका शब्दाने विचारलं नाही! ते सगळे चेहरे आठवायचा प्रयत्न करत मी तिथे उभा राहिलो, आणि आठवत होती ती नुसती भांडी.

“बाई, डॉक्टरांना विचारेपर्यंत ही लावू नका. गॅसवरच करा,” मी म्हणालो. नेल्सनलाही फोन करून सांगितलं. तो चिडला. “अंकल, गॅस धोक्याचा म्हणून तर ही आणली. आता ही धोक्याची म्हणता. मग करू काय मी?” मी शेगडी खोक्यात भरून कपाटावर ठेवली आणि आपण मोठं संकट टाळलं अशा समजुतीत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास सिसिलबायचा फोन आला. त्या सहसा फोनवर बोलत नाहीत.

“राऊतभाऊ, घरात वास येतोय. मी खिडक्या उघडल्या, सिलिंडर बंद केला. आता काय करू?”

“बाई कुठे आहेत?”

“बाहेर आणून बसवलंय तिला. ती म्हणते मी गॅस लावलाच नव्हता.”

मी विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका असं सांगितलं आणि निघालो. नंदाखालला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं, गॅसवरच करा. ते मीच म्हणालो होतो. इंडक्शनने बाईंना काय झालं असतं ते ठाऊक नव्हतं, पण गॅसने काय झालं असतं ते मला पक्कं ठाऊक होतं. नक्की माहीत असलेल्या धोक्याकडे मी त्यांना स्वतः ढकललं होतं, माहीत नसलेल्या धोक्याला घाबरून.

मार्थाबाई पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. सिसिलबाय वाडीतून धावत आल्या असाव्यात, पायांना ओला चिखल होता. केळीला पाणी सोडताना त्यांना वास आला होता, एवढ्या लांबून.

“राऊत,” मार्थाबाई म्हणाल्या, “मला खरंच आठवत नाही हो.” शाळेत उत्तर न आलेल्या मुलासारखा त्यांचा आवाज होता. मी आयुष्यात अनेकांची यंत्रं दुरुस्त केली, पण त्यावेळी माझे हात नुसतेच खिशात होते.

त्याच आठवड्यात त्यांना घेऊन आम्ही वसईला डॉक्टरांकडे गेलो. नेल्सन, दोघी बहिणी आणि मी. मला वाटलं होतं डॉक्टर ‘चालेल’ किंवा ‘नाही चालणार’ असं एक काहीतरी सांगतील. त्यांनी वेगळंच सांगितलं.

“शेगडी चालू असताना यंत्रापासून दोन फूट लांब राहायचं. वाकायचं नाही. भांडं मधोमध आणि गोलाच्या मापाचं हवं, म्हणजे क्षेत्र बाहेर कमी सांडतं. चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच लांब व्हायचं आणि मला कळवायचं. तुमच्या यंत्राच्या कंपनीलाही मी विचारून घेतो.”

“म्हणजे वापरू की नको?” बाईंनी विचारलं.

“दोन फुटांवरून वापरा.”

त्यांच्या घरी परत येऊन मी टेप काढली. बाई ओट्यापाशी नेहमीसारख्या उभ्या राहिल्या. खांद्यापासून शेगडीपर्यंत जेमतेम दीड फूट. शेगडी भिंतीपर्यंत मागे सरकवली, तर ढवळायला त्यांना पुढे झुकावं लागे आणि अंतर पुन्हा तेवढंच. लांब दांड्याचा डाव आणला, तर हात थरथरून आमटी ओट्यावर. शेगडी खाली टेबलावर ठेवून पाहिली, तर त्या आणखी वाकायला लागल्या. नेल्सन म्हणाला बाहेरून डबा लावू. “माझ्या घरात बाहेरचं कालवण?” बाई म्हणाल्या आणि तो विषय संपला. मी चहा पीत बसलो. माझ्यासमोर एक धडधाकट शेगडी होती, वापरणारी होती, आणि दोघींना एकमेकींच्या जवळ कसं आणायचं ते मला सुचत नव्हतं.

सिसिलबाय दारात उभ्या होत्या. मार्थाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“सिसिल करेल,” त्या म्हणाल्या.

“मी?” सिसिलबायनी मागे वळून पाहिलं, जणू तिथे दुसरी कोणी सिसिल होती.

“बाय, मला भात येत नाही,” त्या थोरल्या बहिणीला म्हणाल्या.

“चौथीतल्या मुलांना मी भागाकार शिकवलाय. तुला भात येईल.”

भांडी घ्यायला मी सिसिलबायना घेऊन दुकानात गेलो. सवयीने त्यांना समजावायला लागलो, तर त्यांनी माझं फारसं ऐकलंच नाही. प्रत्येक पातेलं हातात तोलून बघितलं. हलकं वाटलं की परत. मग ते उलटं करून तळावरून तळवा फिरवला. शेवटी दुकानदाराच्या काचेच्या काउंटरवर ठेवून एका बोटाने काठ दाबला. डुललं की परत. त्या झाडावरचं केळं कधी तयार होईल हे हातानेच ओळखतात, तसंच हे. मी फक्त चुंबक लावायचं काम केलं. दोन जाड, सपाट तळाची झाकणासह पातेली घेतली, एक इंडक्शनचा कुकर घेतला आणि एक बिडाचा तवा. कालवणाचं मातीचं भांडं घरी होतं ते कपाटात गेलं. ते ठेवताना मार्थाबाईंनी आत कागद भरला.

पहिल्या धड्याला मी हजर होतो. मार्थाबाईंनी स्वतः खडूने जमिनीवर रेघ मारली, ओट्यापासून चांगली अडीच फुटांवर, आणि रेघेच्या अलीकडे खुर्ची टाकून बसल्या. सिसिलबायनी शेगडी लावली ती थेट सगळ्यात मोठ्या आकड्यावर, आणि तिथेच ठेवली.

“उकळी येईपर्यंतच मोठं,” मी म्हणालो. “उकळी आली की खाली आणायचं. उकळतं पाणी मोठ्या आकड्यावर आणखी गरम होत नाही, नुसतं उडून जातं आणि मीटर पळतो. झाकण ठेवा. तांदूळ आधी भिजवलेत ना? मग भात होत आला की दोन मिनिटं आधीच बंद करा, जाड बूड उरलेलं काम करतं. आणि बंद केल्यावर लगेच प्लग उपटू नका, आतला पंखा फिरू द्या.”

“राऊत, वर्गात एकच शिक्षक बोलतो,” मार्थाबाई म्हणाल्या.

भात खाली लागला आणि वर कच्चा राहिला. बाई दोनदा उठल्या, दोन्ही वेळा रेघेपाशी आल्या आणि थांबल्या. त्यांचे हात पदराशी चाळा करत होते. पस्तीस वर्षं शिकवलं, पण हात न लावता शिकवायची वेळ पहिल्यांदाच आली, असं त्या मला नंतर म्हणाल्या. सिसिलबायनी तो भात तिघांना वाढला. मार्थाबाईंनी सगळा संपवला. “मीठ बरोबर आहे,” एवढंच म्हणाल्या. भातात मीठ घातलंच नव्हतं, हे मला पहिल्या घासालाच कळलं होतं.

पेसमेकरच्या कंपनीकडूनही डॉक्टरांसारखंच उत्तर आलं. अंतर ठेवा, वाकू नका. तरी मी जे केलं ते बरोबर की चूक, हे मला आजही नीट सांगता येत नाही. ज्या घरांत मी शेगड्या तपासल्या होत्या त्यांतल्या जेवढ्या नोंदी सापडल्या तेवढ्यांना फोन केले. “तुमच्याकडे कोणाला पेसमेकर आहे का?” असं विचारलं की काही जण घाबरायचे, काही मला विमा विकणारा समजायचे. दोन घरांत होता. दोघांनाही काही झालेलं नव्हतं. त्यांना दोन फूट सांगितले. एकाने विचारलं, “मग इतके दिवस काही झालं नाही ते कसं?” मी म्हणालो, मला माहीत नाही. हे वाक्य मी त्याआधीच्या सगळ्या नोकरीत जितक्या वेळा म्हणालो नसेन तितक्या वेळा त्या महिन्यात म्हणालो.

निवृत्तीनंतर एकदा नंदाखालला गेलो, काही काम नसताना. स्वयंपाकघरातून कालवणाचा वास येत होता, नारळाच्या रसाचा, आंबट. सिसिलबाय एकट्याच शेगडीपाशी होत्या. झाकण किंचित उचलून त्यांनी आकडा दोन घरं खाली आणला, कोणी न सांगता. रेघ होती, पण खुर्ची रिकामी होती.

“बाई कुठे?”

त्यांनी डावाने खिडकीबाहेर दाखवलं. “वाडीत. हल्ली सकाळी पाणी तीच सोडते. इथे बसून काय करणार म्हणते.”

मी मागच्या दाराने गेलो. बावखलावरचा, म्हणजे वाडीतल्या जुन्या तळ्यावरचा पंप धडधडत होता. मार्थाबाई केळींमध्ये उभ्या होत्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात नळी, आणि नळीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या वर एका लोंगराकडे टक लावून बघत होत्या. खाली केळींभोवतीच्या सगळ्या आळ्यांचं मिळून एक तळं झालं होतं. त्यांच्या चपला त्यात तरंगत होत्या.

“बाई, पाणी!”

“आत्ताच तर सोडलं,” त्या म्हणाल्या. मग खाली पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांचा चेहरा पुन्हा त्या पडवीतल्या सकाळसारखा झाला.

मी पंपाकडे वळलो, पण सिसिलबाय माझ्या आधी पोचल्या होत्या. त्यांनी बटण बंद केलं. वाडी एकदम शांत झाली. मला वाटलं आता त्या ओरडतील, वाडी त्यांची होती. त्या चिखलात उतरल्या, तरंगणाऱ्या चपला उचलून निथळल्या आणि बहिणीच्या पायाशी ठेवल्या.

“प्यायल्या केळी पोटभर,” त्या म्हणाल्या. “चल बाय, जेवायला.”